घरत सरांची सातवी

घरत सरांच्या वर्गात मास्तरांसाठी खुर्ची नव्हती. पूर्वी होती, लाकडी, हातांची. ती त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या काकूंना देऊन टाकली होती. काकू चुलीपुढे साहेबासारख्या बसायच्या आणि सर सकाळपासून शाळा सुटेपर्यंत उभे. उभे म्हणजे एका जागी नव्हे. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून दारात, दारातून व्हरांड्यात, आणि व्हरांड्यातून खिडकीशी येऊन, डोकं आत घालून, मघाचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचे. उंच, काटकुळे, पायात जाड तळव्याच्या चपला. त्या चपलांचा आवाज थांबला की वर्ग मान वर करून बघायचा, सरांना काय झालं म्हणून.

मी आणि माझी मैत्रीण मनीषा तेव्हा मुरबाडला खोली घेऊन डी.एड. करत होतो. आमचं घर वाशिंदकडे, तिचं शहापूरच्या आत. दुसऱ्या वर्षी कॉलेजने आम्हाला धसईच्या पुढच्या एका गावातल्या शाळेवर पाठवलं. शिकवतात कसं ते तिथे राहून शिकायचं होतं. बरोबरच्या मुलींनी पहिली ते चौथीचे वर्ग पहिल्याच दिवशी पटापट वाटून घेतले. लहान पोरं, गाणी, टाळ्या, ठिपके जोडा. आम्हा दोघींना एसटी उशिरा मिळाली, म्हणून सहावी-सातवी उरली.

"आपल्याला उरलेला माल मिळाला," मी मनीषाला हळूच म्हटलं.

ते खिडकीतून सरांनी ऐकलं. "उरलेला नाय गो, हिरवा माल आहे. पिकलेला कोण पण विकतो."

मी वर्गात इकडेतिकडे पाहिलं. "सर, आम्ही बसायचं कुठे?"

"बसायला आलाव काय?"

हे आमचं पहिलं बोलणं. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाबतीत तो पुढे कधी पूर्ण उतरलाच नाही.

पहिला आठवडा त्यांनी आम्हाला खडूला हात लावू दिला नाही. मागे जमिनीवर सतरंजी टाकून बसवलं आणि सांगितलं, पाय बघा. मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. "सातवीच्या पोरांची तोंडं तयार झालेली असतात. मास्तर बोलायला लागला की कुठलं तोंड लावायचं ते त्यांना ठाऊक असतं. पाय अजून तयार नसतात. पाय खरं बोलतात."

मग आम्ही बाकांखालचे पाय बघत बसलो. अनवाणी पाय, रबरी चपलांतले पाय, एकावर एक चढवलेले पाय. एक जोडी सारखी पुढच्याच्या पिशवीला लाथा मारायची. दोन मुलींचे अंगठे सबंध तासभर एकमेकींशी भांडत असायचे. वर बघावं तर चेहरे देवळात बसल्यासारखे. पण एखादं गणित खरोखर लागलं की खालचे पाय एकेक करून थांबायचे. कधी चार थांबायचे, कधी दहा. सर चालता चालता तिकडे नजर टाकायचे आणि त्यावरून पुढे जायचं की मागे फिरायचं ते ठरवायचे. मनीषा हे सगळं मन लावून बघायची. मला गप्प बसून राहायची सवय नाही. मी रोज विचारायची, "सर, शिकवायला कधी देणार?" आणि सर रोज वेगळं काहीतरी सांगून पुढे चालू लागायचे.

एक दिवस म्हणाले, "पाचवीपर्यंत पोरं मास्तरकडं बघतात. सहावी-सातवीत ती एकमेकांकडं बघायला लागतात. मग मास्तरनं त्यांच्या मधी जाऊन उभं राहायचं. म्हणजे बघता बघता तो पण दिसतो." चालण्याचं कारण त्यांनी एवढंच सांगितलं. मनीषा नंतर म्हणायची, सरांना मुळातच एका जागी चैन पडत नाही, बाकी सगळं त्याला जोडलेलं आहे. दोन्ही खरं असेल.

वर्ग हातात आला त्या दिवशी मी आधी पोरांशी सौदा केला. मला तेच येतं, लहानपणापासून. आई वाशिंदच्या बाजारात वाल घ्यायला मलाच पुढे करायची.

"वीस मिनिटं गप्प बसून गणितं सोडवायची. मग मैदानावर सोडते."

मागच्या बाकावरून आवाज आला, "पंधरा, बाई."

"वीस."

"सतरा. नि बाई पण खेळणार."

"अठरा. मी शिट्टी वाजवणार. बस."

वर्ग असा शांत झाला की बाहेर काकूंची कढई घासल्याचा आवाज यायला लागला. मी खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मी दारात पाऊल ठेवलं तर सगळे हाताची घडी घालून बसलेले, आणि पुढच्या बाकावरची एक ठेंगणी मुलगी मला विचारते, "आज काय देनार, बाई?"

खिडकीत सर हसत होते. "तू शांतता विकत घेतलीस गो. आता भाव पोरंच ठरवनार."

"तुमच्या वर्गात तरी कुठे शांतता असते?" मी फणकारले.

"नसते. मला नकोच ती. गप्प वर्ग बघितला की मला कोण आजारी पडल्यागत वाटतं."

शाळा सुटली की घरी जायचं, हेही त्यांना माहीत नव्हतं. जो कोणी दोन दिवस आला नसेल त्याच्या पाड्यावर चालत निघायचे, आणि आम्ही दोघी मागून जवळजवळ पळत. पोचल्यावर ते शाळेचं काही बोलायचेच नाहीत. भात किती झालं, म्हैस व्याली का, लाकूडफाटा आणला का. एकदा एका मुलीची आई रडकुंडीला आली होती. "सर, काय ऐकतच नाय वो. सारखी चिडते. काल ताट ढकललं. आधी अशी नव्हती."

"माझ्याकडं पण चिडते," सर म्हणाले. "तिच्या अंगात दुसरं मानूस राहायला आलंय, वहिनी. अजून सामान लावायचंय त्याचं. तोवर तुमी नि मी मिळून सोसू."

ती आई पदर तोंडाला लावून हसली. मुलगी दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आली, सरांकडे न बघता बसली. तिचं नाव अंकिता. तिचं नाव मी विसरणार नाही, कारण माझं सगळं गणित पुढे तिच्यापाशी येऊन अडलं.

झालं असं. दिवाळीनंतर सहावी-सातवीचे दुसरे सर बदलून गेले आणि जागा रिकामी राहिली. नवा माणूस लवकर येणार नव्हता. गावातल्या शाळा समितीने ठरवलं की तोपर्यंत मानधनावर कुणाला तरी घ्यायचं, आणि घ्यायचंच तर इथे आलेल्या मुलींपैकी घ्यायचं. सहावी-सातवी घेतलेल्या आम्ही दोघीच, आणि मनीषाला शहापूरकडेच राहायचं होतं. राहिले मी. मला ती जागा हवी होती. घरी वडिलांनी स्पष्ट सांगितलेलं होतं, कोर्स संपेपर्यंत नोकरीचं काही दिसलं तर ठीक, नाहीतर मे महिन्यात स्थळं बघायची. ती जागा म्हणजे माझ्यासाठी फक्त नोकरी नव्हती. वाशिंदच्या त्या दोन खोल्यांतून स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचा रस्ता होता. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या कॉलेजच्या बाई पाठ बघायला येनार ना? त्यो चांगला झाला, नि घरत सर हो बोलले, की तुमीच."

आता हे पाठाचं सगळ्यांना माहीत असतं. परीक्षक येणार म्हटलं की आदल्या दिवशी तोच पाठ त्याच पोरांकडून घटवून घ्यायचा. प्रश्न कुठला, हात कुणी वर करायचा, फळ्यावर कुणी यायचं. सगळ्या मुली करतात, मीही केलं. सरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "फार भरभर आलेलं उत्तर घरनं डब्यात आणलेलं असतं."

"डब्यातलं असलं तरी पोट भरतं, सर," मी म्हटलं.

विषय व्यस्त प्रमाण. मजूर वाढले की दिवस कमी होतात. मी उदाहरण मुद्दाम भातलावणीचं घेतलं, गावचं, जवळचं. चार मजुरांना बारा दिवस लागतात, तर आठ मजुरांना किती? ठरल्याप्रमाणे हात वर झाले, ठरल्याप्रमाणे उत्तर आलं, सहा. कॉलेजच्या बाई मागे बसून मान हलवत होत्या. मी फळ्यावर नियम लिहायला वळले, तेवढ्यात खिडकीपाशी चपलांचा आवाज थांबला.

"अंकिता," सर म्हणाले, "तुमच्याकडं लावनीला आठ मानसं आली तर?"

अंकिता उभी राहिली. तिला मी कुठलंच उत्तर दिलेलं नव्हतं. "दिवस वाढतात, सर."

वर्ग हसला.

"कसे गो?"

"आठ जन आले तर मग आठ घरी जायला लागतं ना. आमची सावड असते. दोघं आलेली बरी. आई बोलते, लय मानसं नको बोलवू, फेडता फेडता श्रावन येल."

वर्ग हसायचा थांबला. दोन-तीन जण आपसात म्हणाले, बरोबर आहे, आमच्याकडं पण तसंच. एकजण उठून सांगू लागला की त्याच्या काकाकडे गेल्या वर्षी काय झालं. कॉलेजच्या बाईंचं पेन थांबलं. माझ्या डोळ्यांपुढे ती जागा, मे महिना, वडील, सगळं एकदम उभं राहिलं.

"प्रश्नात मजूर म्हटलंय," मी म्हटलं. "सावड म्हटलेलं नाही. खाली बस."

ती बसली. मी नियम लिहिला, दोन उदाहरणं घेतली, घंटेच्या आत पाठ पुरा केला. बाई जाताना म्हणाल्या, वर्गावर पकड छान आहे तुमची.

सर नळावर हात धूत होते. मी जाऊन उभी राहिले. माझं तोंड लाल झालं असणार.

"आजच्याच दिवशी तुम्हाला तो प्रश्न सुचला?"

"मजूर नि सावड यात फरक आहे हे तू बरोबर पकडलंस," ते म्हणाले. "नि पकडून तिला खाली बसवलंस. त्या फरकावर मी तास घालवला असता."

"आणि पाठ कोणी पुरा केला असता? बाई बसल्या होत्या मागे."

"पाठ तुझा होता. तास तिचा होता."

एवढं बोलून ते हात झटकत व्हरांड्यात निघून गेले. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं म्हणणं आजही तेच आहे. ज्याच्या गळ्याशी आलेलं असतं त्याने आधी समोरचं काम उरकायचं असतं. अंकिताला मी दुसऱ्या दिवशी समजावलं असतं. दुसऱ्या दिवशी तिथे असण्यासाठीच तर तो पाठ होता.

समिती व्हरांड्यातच बसली. अध्यक्ष, दोन सभासद, एक आई, आणि खांबाला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत, घरत सर. अध्यक्ष म्हणाले, "मग सर, या बाईंना घेऊ ना?"

"चांगली आहे," सर म्हणाले. "पोरं तिला घाबरत नाय, नि ती पन पोरांना घाबरत नाय. पन लगेच एकटीकडं वर्ग नको. एक वर्ष माझ्यासंगती राहू दे. मग द्या."

एक वर्ष. बिनपगारी, दुसऱ्याच्या वर्गात, मागे बसून पाय बघत. वडिलांना काय सांगू, पाय बघते? पिशवी उचलली, मनीषाचा हात धरला आणि फाटकातून बाहेर पडले. शाळेपासून एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. त्या रस्त्याने मी सरांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मे महिन्यात स्थळं आली आणि मी ती मोडली. मामाच्या टेम्पोत बसून धसईकडची भेंडी कल्याणच्या बाजारात न्यायला लागले. सुरुवातीला शेतकरी मला हसायचे, व्यापारी फसवायचे. मग दोघेही थांबले. आज धसईला माझी स्वतःची शेड आहे, दोन टेम्पो आहेत, आणि भेंडीचं टोक मोडून ती कालची की आजची ते मी सांगते तेव्हा कुणी वाद घालत नाही. मनीषा शहापूर तालुक्यात शिक्षिका झाली. तिच्याही वर्गात खुर्ची नाही म्हणे. मी कधी बघायला गेले नाही.

सर निवृत्त झाले तरी शिकाऊ पोरांना घेऊन फिरायचे. गेल्या हिवाळ्यात, भेंडीचा हंगाम भरात असताना, एक मुलगा आणि एक मुलगी बरोबर घेऊन ते शेडमध्ये आले. एसटीला उशीर होता. केस सगळे पांढरे, पण क्रेटांमधून येरझाऱ्या चालू. माझ्या हमालांना तीनदा बाजूला व्हावं लागलं. मी चहा मागवला आणि माझ्या कामाला लागले. एक शेतकरी भावाला अडून बसला होता. "नाय परवडत, ताई," म्हणून त्याने गोणी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. त्याला रस्त्याच्या कडेला पोचू दिलं आणि मी हाक मारली. तो परत आला. दोघांनीही थोडं थोडं सोडलं.

"बघा," सर त्या दोन पोरांना म्हणाले, "हिनं सातवी काय घेतली असती!"

माझ्या हातातला काटा तसाच राहिला. "मग दिली का नाहीत?"

ती दोन पोरं चहाच्या कपात बघायला लागली.

"मी एक वर्ष बोललो होतो," सर म्हणाले.

"एक वर्ष नव्हतं माझ्याकडे."

"मग सहा महिने बोलायचं! मी तीनवर आलो असतो, दोनवर आलो असतो. सातवीच्या पोरांसंगती मिनिटा-मिनिटाचा भाव केलास नि माझ्याशी नाय? मी तिथं उभा राहून वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. तू पिशवी घेतलीस नि चाललीस."

इतकी वर्षं मी धरून बसले होते की त्यांनी मला नाही म्हटलं. आता हे म्हणतात, तो नुसता पहिला भाव होता. मला सुचलं ते रागातच सुचलं.

"सर, गिऱ्हाईक उठून चाललं की मागून हाक मारायची असते. आत्ता बघितलंत ना? तुम्ही मारलीत का?"

"मारली."

"खोटं बोलू नका."

"फाटकाच्या भायेर आलो, दोनदा मारली. तू ओ नाय दिलीस."

बाहेर एसटीने हॉर्न दिला. सरांना उठवावं लागेल असे ते बसलेलेच नव्हते. त्या दोघांना पुढे घालून ते निघाले आणि चढता चढता कंडक्टरशी काहीतरी बोलून हसलेही. मी त्या दिवशी दिवसभर हमालांवर ओरडत होते.

परत जाऊन त्यांना नीट विचारायचं मी ठरवलं होतं. कुठे उभे होतात, काय म्हणून हाक मारलीत, नावाने की नुसतं गो म्हणून. हंगामात सवड झाली नाही. हंगाम संपता संपता निरोप आला की सर गेले. पाड्यावरून चालत येताना रस्त्यातच बसले आणि उठले नाहीत.

दहाव्याला नदीवर पुष्कळ लोक होते. जुने विद्यार्थी, त्यांची पोरं, काकू, अध्यक्ष. मनीषा शहापूरहून आली होती. विधी होईपर्यंत आम्ही दोघी एका बाजूला खडकावर बसलो. मी तिला विचारलं, "आपण त्या दिवशी शाळेतून निघालो, तेव्हा सरांनी मागून हाक मारली होती?"



"मारली पण असेल," मनीषा म्हणाली. "मला कशी ऐकू येणार? तू केवढ्याने बोलत होतीस."